एमबीआर लावलं म्हणून नायट्रोजन-फॉस्फरस जात नाही, तो कशाने जातो ते सांगतो

तुमचा प्रश्न वाचला बाब. केळशी-मोबोर पट्ट्यात रिसॉर्ट, १०० केएलडीचा (दिवसाला एक लाख लिटर) जुना एक्स्टेंडेड एरेशनचा (टाकीत बराच वेळ हवा देऊन पाणी शुद्ध करणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, डिसेंबरच्या रिपोर्टात बीओडी (जीवांना खाता येणारी सेंद्रिय घाण) ठीक पण टोटल नायट्रोजन ३८ आणि फॉस्फरस ६ मिग्रॅ/लिटर, आणि आता एक सल्लागार सांगतोय की सेटलिंग टँक (गाळ खाली बसवायची टाकी) काढा, एमबीआर (मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे गाळाऐवजी बारीक भोकांच्या पडद्यातून पाणी गाळून घेणारा प्लांट) टाका, नायट्रोजन १० च्या आत आणि फॉस्फरस १ च्या आत येईल. आणि तुम्ही विचारताय की एवढे पैसे घालावेत का. मी गोव्यात हॉटेलांचे आणि सोसायट्यांचे एसटीपी बरीच वर्षं चालवतोय, त्यात एमबीआरचे पण आहेत, तर जे रोज बघतो त्यावरून सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की मेंब्रेन नायट्रोजन काढत नाही. विरघळलेला फॉस्फरस पण काढत नाही. मेंब्रेनचं भोक साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनचं असतं, बॅक्टेरिया एक-दोन मायक्रॉनचे असतात म्हणून ते अडकतात, पण अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट हे पाण्यात विरघळलेले आयन आहेत, ते त्या भोकातून आरामात निघून जातात. चहाच्या गाळणीत पूड अडकते, साखर अडकत नाही, तसंच. परमिएट (मेंब्रेनमधून निघालेलं पाणी) काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि त्यात नायट्रेट ३५ असू शकतं. मी असा प्लांट बघितलाय, उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात, मेंब्रेन नवीन, टर्बिडिटी (गढूळपणा) जवळजवळ शून्य, मालक पाहुण्यांना ग्लासात पाणी घेऊन दाखवायचा, आणि नायट्रेट जुन्या प्लांटमध्ये होतं तेवढंच, कारण अ‍ॅनॉक्सिक टँकच (हवा न देता नुसती ढवळलेली टाकी, नायट्रेट तिथे जातं) नव्हता, जुन्या एरेशन टँकच्या शेवटी फक्त मेंब्रेन टाकलेलं.

मग एमबीआरचा फायदा काय? फायदा असा की बॅक्टेरिया बाहेर जात नाहीत. सेटलिंग टँकवाल्या प्लांटमध्ये एमएलएसएस (टाकीत लिटरमागे किती मिग्रॅ स्लज, म्हणजे जीवांचा गाळ, आहे तो आकडा) ३०००-४००० च्या वर नेलं की स्लज बसत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो, एमबीआरमध्ये ८,००० ते १२,००० ठेवता येतं, म्हणजे त्याच टाकीत दुप्पट-तिप्पट जीव काम करतात. स्लजचं वय पण आपल्या हातात राहतं. नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) करणारे जीव सावकाश वाढतात, ते धुऊन जायची भीती राहत नाही. आणि जागा कमी लागते म्हणून त्याच जुन्या टाकीचे भाग पाडून अ‍ॅनॉक्सिक टँक काढता येतो, आणि माझ्या मते तुमच्यासारख्याला एमबीआरचा खरा उपयोग हाच आहे. सल्लागाराने हे तुम्हाला सांगितलंय का ते विचारा. ड्रॉइंगमध्ये अ‍ॅनॉक्सिक टँक, त्यातला मिक्सर आणि परतीचा पंप दिसत नसेल तर तिथेच थांबा.

आता नायट्रोजनचा प्रवास सांगतो, कारण आकडे कळले तर कोणी फसवू शकत नाही. हॉटेलच्या सांडपाण्यात टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून) धरूया ५० मिग्रॅ/लिटर. त्यातला साधारण १० स्लजमध्ये जीवांच्या अंगात जातो. उरले ४०. एरेशन टँकमध्ये हवा मिळाली की अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, आणि दर एक मिग्रॅ नायट्रोजनमागे ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो. आपल्याकडे पाणी २८-३० अंश असतं त्यामुळे हा भाग सोपा, थंड देशांत लोक यासाठी धडपडतात. पण इथे काम अर्धंच झालं, अमोनियाचं नाव बदलून नायट्रेट झालं, नायट्रोजन पाण्यातच आहे. तो खरा बाहेर पडतो अ‍ॅनॉक्सिक टँकमध्ये, जिथे हवा नाही पण नायट्रेट आहे आणि खायला ताजं सांडपाणी आहे, तिथे जीव नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन वर जातो.

त्यासाठी नायट्रेटवालं पाणी मागून पुढे परत आणावं लागतं. किती आणायचं? येणाऱ्या पाण्याच्या चार पट परत आणलं तर जास्तीत जास्त पाचातले चार भाग नायट्रेट जातं, म्हणजे ८० टक्के. ४० मधले ३२ गेले, ८ राहिले, वर एक-दीड मिग्रॅ न मोडणारा सेंद्रिय नायट्रोजन, झाले साडेनऊ. म्हणजे चारपट रिसायकलवर तुम्ही १० च्या अगदी काठावर आहात, आणि हे सगळं आदर्श चाललं तर. पाचपट केलं तर नायट्रेट साधारण पावणेसात राहतं. त्यामुळे कोणी दोनपट रिसायकल दाखवून १० ची गॅरंटी देत असेल तर त्याला हे गणित करून दाखवायला सांगा, दोनपटीवर ६७ टक्क्यांच्या वर जात नाही.

आता एमबीआरमधली एक खास गोष्ट, जी छोट्या प्लांटमध्ये खूप जण विसरतात. मेंब्रेनवर स्लज चिकटू नये म्हणून खालून जोरात हवा सोडतात, त्यामुळे मेंब्रेन टँकमध्ये डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ४ ते ६ मिग्रॅ/लिटर असतो. आणि पैसे वाचवायला एकच पंप लावून हा स्लज सरळ अ‍ॅनॉक्सिक टँकमध्ये आणून सोडतात. डीओ ५ धरा, चारपट परत, म्हणजे येणाऱ्या दर लिटरमागे २० मिग्रॅ ऑक्सिजन तुम्ही अ‍ॅनॉक्सिकमध्ये ओतताय. जीव आधी तो वापरतात, नायट्रेटला हातच लावत नाहीत, आणि तेवढ्यात खायचं सगळं संपतं. एक मिग्रॅ नायट्रेट-नायट्रोजन २.८६ मिग्रॅ ऑक्सिजनइतकं काम करतं, म्हणून २० ला २.८६ ने भागा, सात मिग्रॅ नायट्रेट-नायट्रोजन जे गेलं असतं ते गेलं नाही. तुमची मर्यादाच १० ची आहे, त्यात सात असेच गेले. म्हणून मेंब्रेन टँकमधला स्लज एरेशन टँकच्या तोंडाशी सोडायचा, आणि एरेशन टँकच्या शेवटून, जिथे डीओ १ ते १.५ वर ठेवलाय, तिथून वेगळ्या पंपाने अ‍ॅनॉक्सिकला न्यायचं. दोन पंप लागतात, पाइप जास्त लागतो, पण त्याशिवाय मी सही करत नाही.

खायला काय मिळतं हा दुसरा प्रश्न. डिनायट्रिफिकेशनला (नायट्रेटचा नायट्रोजन वायू व्हायला) बीओडी लागतो, सांडपाण्यात बीओडी आणि नायट्रोजनचं प्रमाण चाराच्या वर असेल तर बरं चालतं. हॉटेलात किचनचं पाणी असतं त्यामुळे सहसा कमी पडत नाही, पण आपणच ते घालवतो. कसं? इक्वलायझेशन टँकमध्ये (येणारं सांडपाणी आधी साठवतो ती टाकी) वास येऊ नये म्हणून चोवीस तास हवा सोडतो, त्यात सहज पचणारा बीओडी तिथेच जळून जातो, आणि अ‍ॅनॉक्सिक टँकला उरतं ते पचायला जड. टाइमर लावा, ढवळण्यापुरती हवा द्या, वास आला तर थोडी वाढवा. एवढ्याने नायट्रेट खाली आलेलं मी बघितलंय, एक रुपया खर्च न करता. तरी कमी पडलं तर गूळ किंवा काकवी घालतात, १०० केएलडीवर आणखी १० मिग्रॅ नायट्रोजन काढायचा तर दिवसाला १ किलो नायट्रोजन, त्याला साधारण पाच-सहा किलो गूळ. मेथॅनॉल हॉटेलात ठेवू नका, आगीचा धोका आहे.

आता अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण गोव्यात निम्मे प्लांट इथेच अडकतात आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या डिझाइनमध्ये हे धरलेलंच नसतं. आपली जमीन जांभ्या दगडाची, विहिरीचं पाणी मऊ आणि बऱ्याच ठिकाणी थोडं आंबट, पीएच ६ च्या आसपास. नळाचं पाणी पण फार कडक नसतं. आणि नायट्रिफिकेशन दर मिग्रॅ नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी खातं. सांडपाण्यात अल्कलिनिटी २०० आहे असं धरा, ४० नायट्रोजनला २८६ लागली, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त. मग होतं काय, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो, जीव मंदावतात, अमोनिया परत वर येतो, आणि ऑपरेटरला वाटतं हवा कमी पडतेय म्हणून तो दुसरा ब्लोअर चालू करतो, वीजबिल वाढतं आणि फरक काहीच पडत नाही. अ‍ॅनॉक्सिक टँक असेल तर डिनायट्रिफिकेशनमध्ये दर मिग्रॅमागे ३.५७ परत मिळते, ३२ चे ११४ मिळाले, म्हणजे शेवटी २८ उरते. तरीही कमीच, सुरक्षित म्हणजे ७० ते १०० उरायला हवी. म्हणून खाण्याचा सोडा किंवा सोडा अ‍ॅश डोस करायची सोय ठेवा. चुना नको, चुन्याने मेंब्रेनवर खपली बसते आणि ती काढताना जीव जातो. महिन्यातून एकदा लॅबची वाट बघू नका, अल्कलिनिटीचं टायट्रेशन (थेंब-थेंब आम्ल घालून मोजणं) ऑपरेटर पाच मिनिटांत करू शकतो, त्याला शिकवा, मुलं पटकन शिकतात आणि मग त्यांना प्लांट आपला वाटायला लागतो.

फॉस्फरसचं वेगळं आहे. नायट्रोजन हवेत जातो, फॉस्फरस हवेत जाऊ शकत नाही, त्याला बाहेर पडायला एकच दार आहे, स्लज. म्हणजे स्लज काढला नाही तर फॉस्फरस जाणार नाही. आणि एमबीआरवाले विकताना हेच सांगतात की आमच्याकडे स्लज फार कमी निघतो, ते खरंही आहे, पण मग फॉस्फरस कुठून जाणार हे कोणी विचारत नाही. जीवांच्या वाढीत सांडपाण्यातल्या सात-आठ मिग्रॅ फॉस्फरसमधला दोन-अडीच मिग्रॅ जातो, बाकी तसाच. पुस्तकात अ‍ॅनेरोबिक टँक लावून फॉस्फरस साठवणारे जीव वाढवायची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे, पण पाणी ३० अंशांच्या आसपास गेलं की ग्लायकोजेन साठवणारे दुसरे जीव त्यांचं अन्न पळवतात आणि भरवसा राहत नाही. त्यात हॉटेलचं पाणी सीझनप्रमाणे बदलतं. १०० केएलडीसाठी मी त्या वाटेला जात नाही, सरळ तुरटी किंवा फेरिक क्लोराइड.

तुरटीचा हिशेब असा. एक मिग्रॅ फॉस्फरसला कागदावर साडेनऊ मिग्रॅच्या आसपास तुरटी, पण एक च्या खाली जायचं तर दीड ते दोन पट लागते, म्हणजे १५ ते २० मिग्रॅ. चार मिग्रॅ काढायचे तर ६० ते ८० मिग्रॅ/लिटर, १०० केएलडीला दिवसाला ६ ते ८ किलो. खर्च फार नाही. इथे मेंब्रेन खरंच उपयोगी पडतं, कारण फॉस्फेटचे जे बारीक कण तयार होतात ते सेटलिंग टँकमधून निसटतात, मेंब्रेनमधून निसटत नाहीत, म्हणून त्याच डोसवर एमबीआरमध्ये फॉस्फरस जास्त खाली जातो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. तुरटी पण अल्कलिनिटी खाते, ७० मिग्रॅ तुरटी साधारण ३५ खाते, आणि वर आपली २८ च उरलेली, म्हणजे सोड्याचा डोस ठरवताना हे धरूनच ठरवा. आणि फिल्टर प्रेसचं (स्लज पिळायच्या यंत्राचं) पाणी जे परत इक्वलायझेशनला जातं त्यात फॉस्फरस आणि अमोनिया भरपूर असतात, स्लज टाकीत आठ-आठ दिवस सडवून मग प्रेसला घेतला तर काढलेला फॉस्फरस परत सुटून तिथेच येतो. स्लज ताजा असताना प्रेस करा.

सीझनबद्दल बोलूया, कारण गोव्यातला प्लांट दोन तोंडांचा असतो. नाताळ ते न्यू इयर फुल, आणि जुलैमध्ये तिसरा हिस्सा पण पाणी नाही, उलट मॅनहोलमधून पावसाचं पाणी आत येतं. मेंब्रेनला पीक आवडत नाही. सेटलिंग टँक थोडा जास्त फ्लो कसाबसा सहन करतो, मेंब्रेन सहन करत नाही, टीएमपी (मेंब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक) चढतं आणि चोक होतं. १५ लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास फ्लक्स धरून, २० तास चालवून, १०० केएलडीला ३३० ते ३५० चौरस मीटर मेंब्रेन लागतं. कोणी २५ चा फ्लक्स धरून २०० मीटरमध्ये बसवत असेल तर कोटेशन स्वस्त दिसेल आणि पहिल्या डिसेंबरला रडाल. इक्वलायझेशन टँक निदान आठ-दहा तासांची हवी. पावसाळ्यात उलट करायचं, एमएलएसएस खाली आणायचं, ब्लोअर कमी करायचा, दोन मेंब्रेन ट्रेन (वेगळे संच) असतील तर एक बंद ठेवून हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट) पातळ पाण्यात बुडवून ठेवायची, सुकू द्यायची नाही. चवथीनंतर हळूहळू वाढवत न्यायचं म्हणजे ऑक्टोबरला प्लांट तयार असतो.

एमएलएसएस १२,००० च्या वर नेऊ नका, जास्त जीव म्हणजे जास्त काम असं वाटतं पण घट्ट स्लजमध्ये हवा नीट विरघळत नाही, साध्या पाण्याच्या निम्म्याहून कमी जाते. मी ८ ते १० हजारावर ठेवतो.

विजेचं स्पष्ट सांगतो, चांगला चाललेला मोठा एमबीआर घनमीटरला ०.६ ते १.२ युनिट घेतो, तुमच्या साइजचा दीड-दोन युनिट पण घेतो, साध्या प्लांटपेक्षा दुप्पट-तिप्पट समजा. शिवाय आठवड्याला २००-५०० पीपीएम हायपोचं क्लीनिंग, वर्षातून दोनदा मोठं क्लीनिंग हायपो आणि सायट्रिक अ‍ॅसिडने.

आणि किचन! माशांचं तळण, नारळाचं तेल, त्या चरबीने मेंब्रेनचा नाश होतो. ऑइल ट्रॅप रोज साफ झालाच पाहिजे, केसांसाठी १-२ मिलिमीटरची फाइन स्क्रीन हवीच, बायपास न ठेवता. हाउसकीपिंगचे क्वाटवाले (क्वाटर्नरी अमोनियमचे) जंतुनाशक आणि स्विमिंग पूलचं बॅकवॉश एसटीपीत नको, नायट्रिफिकेशनचे जीव सगळ्यात नाजूक असतात, पहिले तेच मरतात.

मग तुम्ही काय करावं. मी असतो तर आधी रिपोर्टातला ३८ फोडून बघितला असता. त्यात अमोनिया किती, नायट्रेट किती? अमोनिया जास्त असेल तर हवा किंवा अल्कलिनिटीचा प्रश्न आहे, मेंब्रेनचा नाही. नायट्रेट जास्त असेल तर अ‍ॅनॉक्सिक टँक आणि रिसायकल पाहिजे, तुमच्या एक्स्टेंडेड एरेशनच्या टाक्या मोठ्या असतात, त्यात भिंत घालून एक मिक्सर आणि एक पंप बसवून हे होऊ शकतं, किंवा ब्लोअर टाइमरवर टाकून चालू-बंद करूनसुद्धा बराच नायट्रेट जातो. फॉस्फरसला तुरटी आणि वाळूचा फिल्टर. हे सगळं एमबीआरच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात होतं. सीझनला पाणी टाकीच्या क्षमतेबाहेर जात असेल, जागा नसेल, किंवा पाणी फ्लशिंगला आणि कूलिंग टॉवरला परत वापरायचं असेल, तर मात्र एमबीआर घ्या, मनापासून सांगतो चांगलं तंत्र आहे, १९८९ मध्ये जपानच्या यामामोटो यांनी मेंब्रेन टाकीतच बुडवून दाखवल्यापासून खूप सुधारलंय.

पाणी जातं कुठे तेही बघा. ऑक्टोबर ते मे बागेला देत असाल तर झाडं नायट्रोजन-फॉस्फरस थोडा वापरतात, पण किनाऱ्याची वाळू पाणी धरत नाही, जास्त दिलं की नायट्रेट सरळ शेजाऱ्याच्या विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिग्रॅ/लिटर आहे, नायट्रोजन म्हणून मोजलं तर ती १० च होते, म्हणजे तुमचा ३८ चा आकडा त्या घरातल्या लहान पोरासाठी किती वाईट आहे बघा. आणि पावसात बागेला नको म्हणून नाल्यात सोडता, ते पाणी जातं साळ नदीत. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत खारेबांध ते मोबोर हा पट्टा प्रदूषित म्हणून आहे, वरच्या अंगाला जलपर्णी दिसते ती याच फॉस्फरस-नायट्रोजनवर वाढते, आणि खाली बेतूलच्या तोंडाशी जिथे खारं पाणी येतं तिथे शेवाळाला मुख्य खत नायट्रोजनचं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये जे निकष दिले त्यात टोटल नायट्रोजन १०, आणि तलाव-सरोवरात सोडताना फॉस्फरस १ आहे. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) नक्की काय लिहिलंय ते काढून वाचा, बांधील तुम्ही त्याला आहात.

एमबीआर ठरलंच तर ऑर्डरमध्ये लिहून घ्या की गॅरंटी परफॉर्मन्स टेस्ट दोनदा होईल, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि शेवटचं पेमेंट दुसऱ्या टेस्टनंतर. सॅम्पल २४ तासांचा कंपोझिट (दिवसभर थोडं-थोडं घेऊन एकत्र केलेला) घ्या, सकाळी दहाला एक बाटली भरून काही कळत नाही. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा, आणि येणारं पाणी, अ‍ॅनॉक्सिकच्या बाहेरचं आणि परमिएट अशा तिन्ही ठिकाणचे अमोनिया, नायट्रेट, अल्कलिनिटी आणि फॉस्फेट वेगवेगळे मागा, फक्त टोटल नको. हे आकडे आले की इथे लिहा, टाकीची मापं पण द्या, भिंत कुठे घालायची आणि पंप कितीचा लागेल ते मी काढून देतो.